पाच दहाची बस

मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मॉडेलं बनवते. ज्या इमारती अजून कागदावरच आहेत, त्या पुठ्ठ्याच्या आणि कॉर्कच्या करून टेबलावर उभ्या करायच्या, हे माझं काम. स्पंजचे तुकडे हिरवे रंगवून टाचणीवर खोचले की झाडं होतात. अशी झाडं माझ्या हातून हजारांनी झाली असतील, पण खऱ्या जंगलात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. म्हणून सीनियरनी जेव्हा विचारलं, "रविवारी जंगलात येतेस का? ट्रामने शेवटच्या थांब्यापर्यंत आणि पुढे बसने, दिवसभरात जाऊन परत," तेव्हा मी पटकन हो म्हणाले.

सीनियर म्हणजे आमच्या ऑफिसातल्या सगळ्यात अनुभवी आर्किटेक्ट बाई. त्यांना समोरही सगळे 'सीनियर'च म्हणतात. त्यांच्यासारखं बोलावं, त्यांच्यासारखी मान वळवून खिडकीबाहेर बघावं, असं मला सारखं वाटायचं. तिसरा होता फूटपट्टी. हा आमचा ड्राफ्ट्समन, अंगाने उंच आणि काटकुळा, खिशात कायम पट्टी. स्वभावाने वाईट नाही, पण जिभेला लगाम नाही.

आता मूळ गोष्ट सांगायला हवी. ऑफिसात माझा पहिला आठवडा चालू होता, तेव्हा डबा खाताना कोणीतरी विचारलं होतं, "आई काय करते?" मी म्हणाले, "वाहतूक खात्यात असते." हे खोटं नव्हतं. सीनियर म्हणाल्या, "अरे वा, नियोजनात का?" आणि मी मान हलवली. नुसती मान हलवली, तोंडातून शब्दही काढला नाही. पण त्या एका मानेवर पुढे दोन वर्षांचं खोटं उभं राहिलं. नवीन उड्डाणपूल कधी होणार, अमका रस्ता एकेरी का केला, हे सगळे मला विचारायचे आणि मीही काहीबाही ठोकून द्यायचे.

माझी आई बस चालवते. बाबा गेले तेव्हा मी सहावीत होते. आई आधी डेपोत गाड्या धुवायला लागली, मग तिने लायसन्स काढलं आणि गेली बारा वर्षं ती सुकाणूवर आहे. माझं मॉडेल बनवण्याचं शिक्षण त्याच सुकाणूवर झालं. तिच्या कामाची मला लाज वाटत होती असं मी स्वतःशीसुद्धा कधी कबूल केलं नव्हतं.

रविवारी पहाटे ती नेहमीसारखी ड्युटीवर गेली. तिची गाडी शहरातली होती, बारा नंबरची. जाताना ओट्यावर माझ्यासाठी उकडलेली अंडी, पाव आणि कागदाच्या पुडीत मीठ ठेवून गेली होती.

ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर आम्ही तिघं भेटलो. जंगलाची बस लागलेली होती. रांग सरकली, मी पायरीवर पाय ठेवला, मान वर केली आणि समोर सुकाणूवर आई. निळं जॅकेट, पाठीशी तिने स्वतः शिवलेली उशी. तो मार्ग चालवणारा माणूस तापाने पडला म्हणून ऐन वेळी तिला पाठवलं होतं, हे मला नंतर कळलं. मला बघून तिचा चेहरा फुलला. "अगं," म्हणून तिने तोंड उघडलं.

मागे सीनियर उभ्या होत्या. मी म्हणाले, "मॅडम, ही जंगलाच्या फाटकापर्यंत जाते ना?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. तिला समजायला एक क्षण लागला असेल, त्याहून जास्त नाही.

"जाते," ती म्हणाली. "कार्ड लावा आणि पुढे सरका. दारात उभ्या राहू नका."

जन्मल्यापासून आईने मला पहिल्यांदा अहोजाहो केलं. मी कार्ड लावलं आणि पुढे सरकले.

आम्ही पुढच्याच बाजूला बसलो, कारण तिथेच तीन जागा होत्या. आईच्या डोक्यावरच्या मोठ्या आरशात मला तिचं कपाळ आणि डोळे दिसत होते. शहर संपलं, वळणं सुरू झाली. एका वळणावर समोरून ट्रक आला आणि आईने करकचून ब्रेक लावला. फूटपट्टी पुढच्या दांडीवर आदळला. "बाईंना कोणीतरी सांगा," तो म्हणाला, "मागे माणसं बसलीत, बटाट्याची पोती नाहीत."

मी हसले. मोठ्याने नाही, पण हसले. आरशात बघायचं टाळलं.

थोड्या वेळाने सीनियर म्हणाल्या, "या मार्गावर दिवसाला चारच बस. काय हा प्रकार. अगं, तुझी आई नियोजनात आहे ना? तिच्या कानावर घाल की."

"घालते," मी म्हणाले.

आई माझ्यापासून चार हातांवर होती. तिने गिअर बदलला. गाडीला जरासाही धक्का बसला नाही, इतका अलगद बदलला.

फाटकापाशी गाडी थांबली. आई उठून दारापाशी उभी राहिली आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "परतीची शेवटची बस पाच दहाला. ती चुकली तर उद्या सकाळी." बोटांनी ती माणसं मोजत होती. मी उतरायला लागले तेव्हा ती खाली बघून म्हणाली, "नाडी सुटलीय तुमची."

मी रस्त्याच्या कडेला वाकून नाडी बांधत बसले. गाडी वळून निघून जाईपर्यंत ती माझी बांधून होईना.

जंगल सुंदर होतं, असं सगळे म्हणतात. असेलही. खोडांवर पिवळ्या रंगाच्या खुणा होत्या, त्यांच्या मागे मागे जायचं. पायाखाली ओली पानं, एक ओढा, लाकडी पूल, मग चढ. खोडं इतकी उंच की शेंडा बघायला मान मोडून घ्यावी लागे. सीनियर मधूनच थांबून सालीवर तळवा ठेवायच्या. मी त्यांच्याकडे बघून तसाच तळवा ठेवला आणि मला काहीही वाटलं नाही. मनात एकच चालू होतं. घरी गेल्यावर काय बोलायचं. 'अगं, गंमत केली' म्हणावं, तर ती गंमत नव्हती हे तिलाही माहीत होतं.

वर टेकडीवर बसून आम्ही खाल्लं. मी अंडी काढली, मिठाची पुडी उलगडली.

"सुट्टीच्या दिवशी आईने पहाटे उठून करून दिलं?" सीनियरनी विचारलं. "नशीबवान आहेस."

मी अंडं पाण्याबरोबर गिळलं.

उतरताना फूटपट्टीने घोळ केला. त्याला नकाशा वाचता येतो याचा फार अभिमान. "खुणांच्या वाटेने लांबचा फेरा आहे, इकडून सरळ उतरलो की फाटक," तो म्हणाला. अर्धा तास उतरलो आणि एका काटेरी झुडपांच्या खळग्यात अडकलो. परत वर चढलो तर पिवळी खूण सापडेना. फोनला रेंज नव्हती. साडेचार वाजले, पाच वाजले. उजेड पिवळा पडायला लागला. फूटपट्टी बडबडायचा थांबला, यावरूनच आमची अवस्था समजावी. सीनियरांचा गुडघा दुखत होता आणि त्या एका दगडावर टेकल्या.

"पाच बारा," फूटपट्टी घड्याळ बघून म्हणाला. "गेली."

तेवढ्यात हॉर्न ऐकू आला. लांबून, डाव्या बाजूने. एक लांबलचक, मग थोडं थांबून दुसरा. मग तिसरा. कोणीतरी हाताचा तळवा दाबून ठेवावा तसा.

"गाडी अजून आहे," सीनियर उठल्या.

आम्ही आवाजाच्या रोखाने निघालो. झुडपांतून, उतारावरून घसरत, एकमेकांचे हात धरत. आवाज थांबला की आम्ही थांबायचो, पुन्हा आला की निघायचो. तो हॉर्न कोण वाजवतंय हे तिघांमध्ये मला एकटीला माहीत होतं. ती न थांबता गेली असती तरी आम्ही फारतर रात्रभर कुडकुडलो असतो, मेलो नसतो. पण तेव्हा तसं वाटत नव्हतं. तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तरीही, हे सांगायला जीभ रेटत नाही, मी मनात घोकत होते की पोचल्यावर तिने मला नावाने हाक मारू नये.

पाच तीसला आम्ही फाटकाबाहेर आलो. आई दार उघडून पायरीवर उभी होती. तिने आम्हाला मोजलं. एक, दोन, तीन. माझ्या ओरबाडलेल्या हातांवर तिची नजर जराशी थांबली.

"बसा," ती म्हणाली.

आत आठ-दहा माणसं होती आणि सगळी वैतागलेली. त्यांतले एक चष्मेवाले गृहस्थ मांडीवर बॅग घेऊन ताठ बसले होते. "वीस मिनिटं," ते म्हणाले. "माझी पुढची रेल्वे गेली. बहिणीकडे पोचायचं होतं मला. ह्यांनी उशीर करायचा आणि भोगायचं आम्ही." मग ते आईकडे वळले. "कोण लागतात हो हे तुमचे? एवढं थांबायला?"

"प्रवासी आहेत," आई म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

त्यांचं समाधान झालं नाही. ते आमच्याकडे वळले. "ओळख आहे का तुमची? खरं सांगा."

फूटपट्टीने नकारार्थी मान हलवली. सीनियर धापा टाकत होत्या. मग ते माझ्याकडे बघत राहिले आणि गाडीतले बाकीचेही बघायला लागले.

"आम्ही ओळखत नाही त्यांना," मी म्हणाले. "थांबा म्हणून आम्ही सांगितलं नव्हतं."

हे दुसरं वाक्य मला कोणीही विचारलेलं नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं. गाडी सुरू झाली. गृहस्थांनी फोन काढून गाडीचा नंबर लिहून घेतला.

आई घरी आली तेव्हा मी ओट्यापाशी उभी होते. आल्या आल्या तिने बूट काढले, उशी खुंटीला टांगली.

"आई, आज..." मी सुरुवात केली.

"मोज्यांतली पानं बाहेर जाऊन झटक," ती म्हणाली. "घरभर झालीत." आणि हात धुवायला गेली. त्यानंतर आम्ही जेवलो. भाजीत मीठ कमी आहे का, एवढंच बोलणं झालं. ती रागावली असती तर मी रडून मोकळी झाले असते. तिने तेवढीही सोय ठेवली नाही.

गुरुवारी खात्याचं पत्र आलं. प्रवाशाची लेखी तक्रार, वेळापत्रकाचा भंग, सोमवारी चौकशी, त्याआधी लेखी खुलासा. आईने चष्मा लावून खुलासा लिहिला आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "शुद्धलेखन बघ."

मी वाचलं. सकाळी उतरवलेल्या माणसांपैकी तीन परत आली नव्हती. पुढची बस दुसऱ्या दिवशी होती. अंधार पडत होता. म्हणून थांबले व हॉर्न वाजवला. एवढंच. मी कुठेच नव्हते.

"मी ऑफिसातल्यांचा जबाब आणते," मी म्हणाले. "माझाही देते."

"तू मधे पडायचं नाहीस. घरच्या माणसासाठी गाडी थांबवली असं झालं, तर त्याला वेगळा नियम आहे."

"पण तू माझ्यासाठीच..."

"मोजून उतरवलेली माणसं मी मोजून चढवते," ती म्हणाली. "तू नसतीस तरी थांबले असते." मग चष्मा काढून पुसत म्हणाली, "बसमध्ये म्हणालीस ना ओळखत नाही? तेच धरून बस. आता त्याचाच उपयोग आहे."

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी सीनियर आणि फूटपट्टीला मॉडेलच्या खोलीत बोलावलं. दार लावलं. हातात कटर होता, तो मी उगाच उघडबंद करत होते. सगळं सांगितलं. त्या दिवशीची बस चालवणारी माझी आई आहे. ती नियोजनात नाही, कधीच नव्हती. तिच्यावर तक्रार झालीय, सोमवारी चौकशी आहे आणि मी मधे पडू नये असं ती म्हणते.

फूटपट्टी कानापर्यंत लाल झाला. "बटाट्याची पोती," तो स्वतःशीच पुटपुटला आणि स्टुलावर बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "तू मला थांबवलं का नाहीस गं?"

मी कटर मिटून टेबलावर ठेवला.

सीनियर म्हणाल्या, "तू तिला मॅडम म्हणालीस. मी तुझ्या मागेच होते." आणखी काही म्हणतील असं वाटलं, पण त्या एवढंच म्हणाल्या, "सोमवारी मी येते. जबाब मी देते. तू नको बोलूस, तुझी आई सांगते तेच बरोबर आहे."

सोमवारी चौकशीची खोली अगदी साधी होती. एक टेबल, पाच खुर्च्या, भिंतीवर मार्गांचा नकाशा. अधिकारी थकलेला, सज्जन माणूस होता. मी यायची गरज नव्हती. मी अर्धी रजा टाकून सीनियरांबरोबर आले होते आणि प्रवासी म्हणून मागच्या खुर्चीत बसले होते. मला बघून आईच्या कपाळाला आठी पडली.

सीनियरनी नीट, मोजकं सांगितलं. वाट चुकली ती आमची चूक, हॉर्न ऐकला नसता तर आम्ही तिथेच राहिलो असतो. अधिकारी मान हलवत लिहीत होता. प्रकरण मिटत आलं होतं, ते त्याच्या पेनच्या वेगावरूनच कळत होतं. शेवटी त्याने न बघता विचारलं, "या तिघांपैकी चालकाच्या ओळखीचं कोणी?"

सीनियर स्वतःच्या हातांकडे बघायला लागल्या.

"प्रवासी होते ते, साहेब," आई म्हणाली.

तेच शब्द. रविवारी त्या गृहस्थांना दिलेलं तेच उत्तर. आणि मला ते सहन झालं नाही. मी उठून उभी राहिले. "मी त्यांची मुलगी आहे," मी म्हणाले.

बोलल्याबरोबर इतकं हलकं वाटलं की मी जवळजवळ हसलेच. मग आईचा चेहरा दिसला. तिने डोळे मिटून घेतले होते.

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवला. "हे खुलाशात का नाही?" त्याने आईला विचारलं. "बाई, मघापर्यंत हे तोंडी समज देऊन संपलं असतं," तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं. "आता मला लिहावं लागेल." त्याने लिहिलं. माहिती लपवल्याबद्दल लेखी ताकीद, आणि एक महिना सुकाणूवरून खाली. तो महिना तिने डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसायचं.

बाहेर आल्यावर सीनियर आईसमोर उभ्या राहिल्या. "त्या दिवशी मी तुमचे आभारही मानले नाहीत," त्या म्हणाल्या.

"तुमचा गुडघा कसा आहे?" आईने विचारलं. आई त्यांच्याशी छान बोलली. मग सीनियर ऑफिसला गेल्या आणि आम्ही दोघी घराकडे चालायला लागलो.

दोन चौक ओलांडल्यावर ती म्हणाली, "बोलायचं तेव्हा गप्प बसलीस आणि गप्प बसायचं तेव्हा बोललीस."

"मला खोटं सहन झालं नाही, आई."

"तुला सहन झालं नाही," ती म्हणाली. "बरोबर. तुला."

मी तिथेच रस्त्यात उभी राहिले. ती पुढे चालत गेली, वळून बघितलं नाही. भाजीच्या दुकानाशी मी तिला गाठलं. ती टोमॅटो दाबून बघत होती.

"मी नियोजनात असते तर," टोमॅटो बघता बघताच ती म्हणाली, "शेवटची बस सहाला ठेवली असती. पाच दहा ही काय वेळ आहे? नियोजनातले लोक गाढव आहेत. खोटं सांगायचंच होतं, तर चांगलं तरी काही सांगायचंस."

दुकानदार हसला. मला हसावं की रडावं कळेना. भाजीची पिशवी मी तिच्या हातातून घेतली. तिने ती सोडली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

तो महिना आई लोकांच्या विसरलेल्या छत्र्या आणि हातमोजे यांना चिठ्ठ्या बांधत बसली. बारा वर्षं सुकाणूवर बसलेल्या बाईला खिडकीत बसवलं की डेपोतली माणसं कशी बघतात, हे तिने मला कधी सांगितलं नाही. ते मला तिच्या एका मैत्रिणीकडून कळलं. रोज संध्याकाळी ती आली की मी पाणी द्यायचे, ती प्यायची. विचारलेल्याचं उत्तर द्यायची. फूटपट्टीने आपल्या सुंदर अक्षरात खात्याला शेवटच्या बसची वेळ बदला म्हणून अर्ज केला आणि त्याची एक प्रत माझ्याबरोबर आईला पाठवली. तिने ती दोनदा वाचली. "अक्षर चांगलं आहे," म्हणाली. वेळ काही बदलली नाही.

महिना संपला त्या संध्याकाळी तिने निळं जॅकेट बाहेर काढलं आणि टेबलावर पांघरूण अंथरून इस्त्री गरम करत ठेवली.

"मी करते," मी म्हणाले.

"नको. तुला कॉलर जमत नाही."

मी तिथेच उभी राहिले. दिवसभर पुठ्ठा कापताना अर्ध्या मिलिमीटरनेसुद्धा चुकत नाही मी, पण हे तिला सांगण्यासारखं नव्हतं. तिने एक बाजू केली, जॅकेट उलटं केलं, थोडं पाणी शिंपडलं. मग तिच्या पाठीत उसण भरली असावी. ती कमरेवर हात ठेवून सरळ झाली आणि माझ्याकडे न बघताच इस्त्री माझ्या बाजूला सरकवली.

"बाह्या आधी," ती म्हणाली. "आणि जाळू नकोस."